मुलांच्या वहीत मुलांचा आवाज

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात प्राथमिक विभागाच्या एका सहशिक्षकाने केलेले भाषण)



या मेळाव्यात दरवर्षी निकाल, शिष्यवृत्ती आणि इमारत निधी यांविषयी बोलले जाते व ते योग्यच आहे. यंदा प्राथमिक विभागातील मुलांच्या लेखनाविषयी मी चार शब्द बोलावेत अशी सूचना झाली. माझे बी. एड. झाले ते हायस्कूलच्या वर्गांना शिकविण्याच्या तयारीने. परंतु संस्थेने गेली सात वर्षे मला तिसरी ते पाचवीच्या मुलांत ठेवले आहे आणि आता तेथून हलण्याची माझी इच्छा नाही. त्या सात वर्षांत ज्या वह्या तपासल्या त्यांच्या आधारावरच मी बोलणार आहे.

चौथीच्या वर्गात ‘माझी आई’ हा निबंध दरवर्षी होतो. एका वर्षी एकेचाळीस वह्या माझ्या टेबलावर आल्या. त्यांतल्या तीसेक वह्यांत आई पहाटे उठत होती, अंगणात सडा घालत होती, दारात रांगोळी काढत होती, तुळशीला पाणी घालत होती आणि शेवटी वात्सल्याची मूर्ती होऊन निबंध संपवत होती. सडा, रांगोळी, तुळस यांत वावगे काहीच नाही. आपल्या शेजारच्या दारांत ते आपण रोज पाहतो. पण यांतली एक वही मुजावरांच्या मुलीची होती. तिचे घर मला माहीत आहे. तेथे अंगण नाही, तुळसही नाही. तिच्याच बाकावर बसणाऱ्या मुलीची आई पहाटे साडेपाचला डबा घेऊन कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. सणासुदीखेरीज रांगोळी काढायला त्या बाईला वेळच नाही. तिच्याही मुलीने रोज रांगोळी काढवली. म्हणजे ही गोष्ट केवळ आपल्या समाजाच्या मुलांची आहे असे कोणी समजू नये. निबंधाच्या तयार पुस्तकात एक आई छापलेली असते. ती कोणाचीच आई नसते, आणि वर्गातली सगळी मुले आपापल्या आईला बाजूला सारून तिला वहीत बसवतात.

मी मुलांना वह्या मिटायला सांगितल्या आणि एक प्रश्न विचारला. काल रात्री झोपण्याआधी आईने शेवटचे काम कोणते केले? पाच मिनिटे वर्गात नुसता गलका होता. एकाची अम्मी दाराची कडी दोनदा बघते. एकदा लावताना आणि एकदा अंथरुणावरून उठून. एकीची आई उद्याच्या भाकरीचे पीठ मापून ठेवते आणि पीठ कमी असले तर काही बोलत नाही. एक मुलगा गप्प होता. त्याला विचारले तेव्हा म्हणाला, “सर, अम्मी झोपते का ते मला माहीत नाही, कारण आधी मीच झोपतो.”

मंडळी, त्या तयार पुस्तकातल्या दोन पानांत या एका वाक्याइतकी आई नाही. आणि हे वाक्य त्या मुलाने वहीत लिहिले नव्हते. वहीत त्याने सडाच घातला होता.

लेखनातील आवाज म्हणजे काय हे मला एवढ्यावरून सांगता येईल. आपण आतल्या खोलीत असलो आणि बाहेर कोणी बोलू लागले, तर न बघताही आपण सांगतो की हे चाचा आले, ही शेजारची खाला आली. शब्द, मध्येच थांबण्याची लकब, कशावर जोर द्यायचा ती सवय, काय लक्षात राहते आणि काय राहत नाही, या सगळ्यांवरून माणूस ओळखू येतो. लिहिलेल्या पानावरही माणूस असाच ओळखू आला पाहिजे. मी वर्गात एक खेळ घेतो. वहीवरचे नाव हाताने झाकायचे, चार ओळी वाचायच्या, आणि मुलांनी ओळखायचे की ही वही कोणाची. पुस्तकातून उतरवलेला निबंध असला तर कोणालाच ओळखता येत नाही. ‘आमचे पप्पा आंबा दाबून बघत नाहीत, देठापाशी वास घेतात आणि मग गिऱ्हाईकाला पण वास घ्यायला लावतात’ असे वाक्य आले की सगळा वर्ग बागवानांच्या मुलाकडे बघतो आणि तो लाजून खाली मान घालतो.

हे काही मी शोधून काढलेले नाही. रशियाचे थोर कादंबरीकार टॉलस्टॉय यांनी १८५९ साली यास्नाया पोल्याना या आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. मुलांना निबंध लिहिता येईनात. एके दिवशी त्यांनी मुलांपुढे एक म्हण ठेवली. चमच्याने भरवतो आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळ्यात टोचतो, अशा अर्थाची. या म्हणीवर गोष्ट लिहा म्हणाले. कोणाला काही सुचेना, तेव्हा ते स्वतःच लिहायला बसले. मुले भोवती गोळा झाली आणि त्यांच्या चुका काढू लागली. म्हातारा असे बोलणार नाही, बायको असे करणार नाही. होता होता त्यांनी लेखणी स्वतःकडे ठेवली, पण फेडका आणि सेमका या दोन मुलांनी सांगायचे व आपण उतरवून घ्यायचे, असे सुरू झाले. संध्याकाळी सातला बसलेली ही मंडळी रात्री अकरापर्यंत उठली नाहीत. त्या गोष्टीत एका माणसाने घाईत अंगावर बायकी कोट चढवला आहे, असा बारीकसा तपशील फेडकाने घातला. टॉलस्टॉय लिहितात की प्रथम त्यांना तो विचित्र वाटला, मग कळले की त्या एका कोटाने ते सगळे घर डोळ्यांसमोर उभे राहते. पुढे त्या गोष्टीचे कागद इतर मुलांनी खेळण्यात घालवले, तेव्हा फेडका व सेमका यांनी रात्री त्यांच्या घरी मुक्काम करून ती पुन्हा लिहिली. १८६२ साली टॉलस्टॉय यांनी या अनुभवावर लेख लिहिला. त्याचा मथळाच असा आहे की लिहायला कोणी कोणाकडून शिकावे, शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून की आम्ही त्यांच्याकडून?

एवढा मोठा लेखक असे विचारतो म्हणून आपण भारावून जाण्याचे कारण नाही. मला त्यातली एक व्यवहाराची गोष्ट महत्त्वाची वाटते. लेखणी मास्तरांच्या हातात होती आणि सांगणारे मूल होते. तिसरीच्या मुलाच्या मनात दहा वाक्ये असतात, पण हाताला दोनच लिहिता येतात. बोटे दुखतात, जोडाक्षर अडते, वेलांटी पहिली की दुसरी याची भीती वाटते. मग ते मूल लिहिता येईल एवढेच बोलते. म्हणून तिसरीत मी पहिले दोन महिने मुलांना सांगायला लावतो आणि फळ्यावर मी लिहितो. जसे बोलले तसे. मग तेच वाक्य ते मूल वहीत उतरवते. आपले बोलणे फळ्यावर खडूने लिहिलेले पाहून मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पालकांनी एकदा येऊन पाहावे.

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या बाई माओरी मुलांना शिकवीत. त्यांचे ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. त्या रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारीत, तुला आज कोणता शब्द हवा? मुलाने मागितलेला शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. सरकारी वाचनमालेतले सोपे सोपे शब्द मुले महिनोन्‌महिने विसरत. भूत हा शब्द एकदा पाहिला की कायमचा येई. भीतीचे आणि प्रेमाचे शब्द मुलांना शिकवावे लागत नाहीत, असे त्यांना आढळले. आपल्या पहिलीच्या बाईंनी यंदा हा प्रयोग पंधरा दिवस करून पाहिला. मुलांनी मागितलेल्या शब्दांत ‘नानी’, ‘कुत्रा’, ‘सुई’, ‘बिर्याणी’ होते आणि एकाने ‘हप्ता’ मागितला. त्याच्या वडिलांनी रिक्षा कर्जावर घेतली आहे. तो शब्द त्याला पुन्हा शिकवावा लागला नाही.

आता मुख्य अडचणीकडे येतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात दखनी बोलली जाते. मूल शाळेत मराठी लिहिते, घरी ‘मेरेकू नक्को’ म्हणते, मदरशात अरबी वाचते आणि टीव्हीवर हिंदी ऐकते. कित्येक पालक मला सांगतात, “सर, घरी बोलतो ती कसली भाषा? तोडकी मोडकी. ती शाळेत येऊ देऊ नका.” आईवडीलच असे म्हणू लागल्यावर मुलाला वाटते की आपल्या घरात जे बोलले जाते ते लिहिण्याजोगे नाही. भाषेबरोबर मग घरही वहीबाहेर राहते. मला या समजुतीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. दखनी ही तोडकी भाषा नव्हे. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या दरबारांत तिच्यात काव्य लिहिले गेले. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा स्वतः तिच्यात कविता करीत असे. आणि ती मराठीला परकीही नाही. आपले ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’वरून आले. ‘मैंच’, ‘वोइच’ यांतला ‘च’ मराठीचा आहे. जे मूल दखनी बोलते त्याच्या जिभेवर मराठी आधीच पाहुणी म्हणून येऊन बसलेली असते.

मग वहीत दखनी लिहायची का? नाही. मराठी शाळेत मराठीच शिकायची आणि चांगली शिकायची, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रमाण मराठी न येणाऱ्या मुलाचे पुढे काय होते हे आपण कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहून पाहिलेले आहे. पण मूल घरची गोष्ट दखनीत सांगते आणि मराठीत लिहिते, तेव्हा या दोन क्रिया आहेत हे शिक्षकाने ध्यानात ठेवावे. आधी सांगू द्यावे, अडवू नये. नदाफांच्या मुलाने एकदा वर्गाला आपल्या वडिलांविषयी सांगितले. निम्मे दखनीत, निम्मे मराठीत. कापूस पिंजून वडील घरी येतात तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात आणि अम्मी धाकट्या बहिणीला म्हणते, बघ, बुढ्ढा आला. आम्ही सर्वांनी मिळून ते मराठीत लिहिले. ‘बुढ्ढा’च्या जागी ‘म्हातारा’ घालायचा का यावर वर्गात चर्चा झाली. मुलांनीच ठरविले की अम्मी जे बोलली ते अवतरणात आहे, तेथे ‘बुढ्ढा’च राहील, बाकी सगळे मराठीत. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांतसुद्धा पात्रांच्या तोंडच्या संवादाला बोलण्यातील रूपांची मोकळीक आहे. दहा वर्षांच्या मुलांनी कोणतीही नियमावली न वाचता तोच निवाडा केला.

‘अम्मी’ या शब्दाचेही असेच. काही ठिकाणी लाल शाईने ‘अम्मी’ खोडून ‘आई’ लिहिण्याची पद्धत आहे. मी खोडत नाही. मुलाने हाक मारायचा शब्द हा शुद्धलेखनाचा विषय नव्हे. कोणी ‘आये’ लिहील, कोणी ‘माँ’, कोणी ‘मम्मी’. ऱ्हस्व-दीर्घ तेवढे तपासावे.

याच संदर्भात आपल्या मराठीतील दोन मोठी उदाहरणे पालकांना सांगावीशी वाटतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या जे रचीत ते घरच्या मंडळींनी उतरवून ठेवले, आणि त्या गेल्यानंतर १९५२ साली ते पुस्तकरूपाने आले. त्यांची खानदेशी बोली कोणी ‘शुद्ध’ करून छापली असती तर आज ते पुस्तक कोणी हाती धरले असते काय? दुसरे उदाहरण तर आपल्याच सांगली जिल्ह्यातले, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या माणसाची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली व आज ती विद्यापीठांत अभ्यासली जाते. त्यांनी आपल्या माणसांचे बोलणे ऐकले होते, आणि ते लिहिण्याजोगे आहे असा त्यांचा विश्वास होता.

आमच्या मिरजेच्या मुलांजवळ तर ऐकण्यासारखे किती आहे! या गावात दीडशेहून अधिक वर्षे सतारी आणि तंबोरे तयार होतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारमेकर गल्लीतल्या एका मुलाने चौथीत लिहिले: ‘माझे आजोबा जवारी लावतात. ते घोडी कानशीने थोडी घासतात आणि तार वाजवून कानाने बघतात. परत घासतात. मी बोललो तर ते हाताने गप्प म्हणतात.’ ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. सतारीच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा अगदी हलका घासून तारेचा नाद जुळवावा लागतो, त्याला जवारी म्हणतात. जास्त घासले की नाद गेला. या चार वाक्यांत कोणीही शिक्षक सहज लाल शाई उचलेल. ‘कानाने बघतात’ कसे? कानाने ऐकतात असे पाहिजे. ‘हाताने गप्प म्हणतात’ हे काय मराठी झाले? परंतु आपण त्या म्हाताऱ्या कारागिराला काम करताना पाहिले असेल तर कळेल की तो खरोखर कानाने बघत असतो. मुलाने पाहिले ते लिहिले. दुरुस्त केले असते तर वाक्य बिनचूक झाले असते आणि आजोबा निघून गेले असते. मी एवढेच केले की ‘कानशीने’ या शब्दात त्याने ‘शी’ ऱ्हस्व लिहिला होता तो दीर्घ करून दिला.

चूक आणि आवाज यांतला फरक दर वेळी इतका सोपा नसतो. ‘मी गेलो होती’ असे कोणी लिहिले तर ती चूकच आहे, तो काही त्याचा आवाज नव्हे. त्याचे कौतुक करीत बसणे म्हणजे मुलाचे नुकसान करणे होय. आमच्या विभागात आता अशी रीत आहे की पहिल्या खर्ड्यावर लाल खूण करायची नाही. शिक्षकाने समासात पेन्सिलीने एखादा प्रश्न लिहायचा. ‘मग काय झाले?’ ‘तुला कसे कळले?’ ‘कोणत्या रंगाची?’ मुलाने उत्तर म्हणून दोन वाक्ये वाढवायची. दुसऱ्या खर्ड्यावर वेलांट्या, अनुस्वार, लिंग-वचन सगळे तपासायचे, आणि कडकपणे तपासायचे. त्यामुळे एका महिन्यात चार निबंधांऐवजी दोनच होतात. वह्या कमी भरतात अशी तक्रार काही पालकांकडून आली. होय, कमी भरतात.

आणखी एक तक्रार आली होती व ती मला अधिक गंभीर वाटते. एक पालक शाळेत आले. भाजीचा गाडा चालवतात. त्यांच्या मुलाने वहीत लिहिले होते की एके दिवशी रस्त्यावरून गाडा उचलून नेला आणि त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. ताट झाकून ठेवले होते, ते सकाळपर्यंत तसेच होते. वडील म्हणाले, “सर, आमची गरिबी वर्गात वाचून दाखवायची काय? घरातली गोष्ट घरात राहिली पाहिजे.” बोलताना त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. मी त्यांना सांगितले की ती वही वर्गात वाचलेली नाही. आमचा नियमच आहे की मुलाने स्वतः हात वर केल्याशिवाय कोणाचेही लेखन मोठ्याने वाचायचे नाही, भिंतीवर लावायचे नाही, स्मरणिकेत छापायचे नाही. आज मी जी उदाहरणे देत आहे ती त्या त्या घरची परवानगी घेऊनच देत आहे आणि नावे घेत नाही. त्या गृहस्थांनी मग वही मागितली आणि तेथेच उभ्याने वाचली. बराच वेळ त्यांनी पान उलटले नाही. शेवटी विचारले, “हा जागा होता का त्या रात्री?” ते त्यांना माहीत नव्हते. आज ते या सभेत बसले आहेत, आणि हा प्रसंग सांगा असे त्यांनीच मला सांगितले.

त्यांचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. घराची अब्रू जपणे ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही, आणि प्रत्येक शिक्षक ती जपेलच अशी खात्री कोण देणार? म्हणून खऱ्या लेखनाची सक्ती करता येत नाही. एखाद्या मुलाला अम्मी-अब्बांविषयी लिहायचे नसेल तर त्याने आपल्या बकरीविषयी लिहावे. बकरीविषयी खरे लिहिले तरी चालते. गेल्या बकरी ईदनंतर तिसरीच्या एका मुलीने आपल्या बकऱ्याच्या दोरीवर सहा ओळी लिहिल्या. फक्त दोरीवर. ती अजून खुंटीला आहे, एवढेच तिला सांगायचे होते.

आता मार्कांचा प्रश्न. दहावीला मराठीत निबंध असतो, तेथे हे चालेल का? माझे हायस्कूलमधील सहकारी उत्तरपत्रिका तपासतात. ते सांगतात की एकाच पुस्तकातून आलेले तेच ते निबंध वाचून डोळे मिटायला लागतात. मध्येच एखादा मुलगा आपले पाहिलेले लिहितो तेव्हा ते जागे होतात. तरीही शुद्धलेखनाचे मार्क जायचे ते जातातच. मी कोणतेही खोटे आश्वासन देत नाही. मात्र ज्या मुलाला तिसरीपासून आपले म्हणणे मांडायची सवय आहे त्याला दहावीत निबंध पाठ करावा लागत नाही, आणि वाचलेला वेळ त्याला गणिताला देता येतो, हा व्यवहार कोणत्याही पालकाला पटावा.

शिवाय आता तयार पुस्तकाचीही गरज उरलेली नाही. मोबाईलला विषय सांगितला की निबंध समोर येतो, तोही बिनचूक. पाचवीच्या दोन वह्यांत मला असे निबंध आढळले. त्यांत ‘निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रफुल्लित होते’ अशी वाक्ये होती. मी मुलाला विचारले, प्रफुल्लित म्हणजे काय रे? तो म्हणाला, “चांगलं असतं काहीतरी.” पण त्याच मोबाईलचा एक फायदाही मी पाहिला आहे. हीच मुले सौदीतल्या मामूला आवाजाचा निरोप पाठवतात तेव्हा किती सुंदर बोलतात! मध्येच हसतात, मांजराने दूध कसे सांडले ते सांगतात, ‘मामू, सुनो ना’ म्हणून पुन्हा सुरुवात करतात. तेथे त्यांना माहीत असते की ऐकणारा कोण आहे. निबंध कोणासाठी लिहायचा हे त्यांना माहीत नसते, म्हणून तो कोणीच न बोललेल्या भाषेत लिहिला जातो. यासाठी चौथी-पाचवीत मी निबंधापेक्षा पत्रे जास्त लिहून घेतो. खरी पत्रे, पत्ता घालून, टपालाच्या पेटीत टाकायची. गेल्या वर्षी सत्तावीस पत्रे गेली, अकरांना उत्तरे आली. एका नानाजींनी नातवाला उर्दूत उत्तर पाठवले, ते वाचून घेण्यासाठी तो मुलगा मौलवीसाहेबांकडे गेला आणि आता त्यांच्याकडे उर्दू शिकतो आहे. हे काही मी योजले नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बराच वेळ शांत बसलात. तुम्हांला एवढेच सांगतो की वहीत लिहायला काही सुचत नाही असे म्हणणाऱ्या मुलाने मधल्या सुट्टीत आपण काय बोललो ते आठवावे. त्यात सर्व असते. शिव्या सोडून.

पालकांना माझी मोठी मागणी नाही. मुलाला निबंध सांगू नका आणि लिहूनही देऊ नका. आपल्या धंद्यातली एखादी गोष्ट त्याला दाखवा. चाकूची धार अंगठ्यावर कशी बघतात, बांगडी भरताना हात कसा दाबायचा, गादीचा टाका कोठे घालायचा, पानाचा विडा कोणत्या बाजूने दुमडतात. आयांनीही सांगावे; रोट्या मोजून न करता घरातल्या सगळ्यांना कशा पुरतात याचे गणित मला आजवर कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. मूल ‘कायकू?’ विचारील. तेव्हा वैतागू नका. ज्या मातांना वाचता येत नाही त्यांनी मुलाला त्याने लिहिलेले वाचून दाखवायला सांगावे आणि जेथे खोटे वाटेल तेथे ‘ऐसा कब हुआ?’ म्हणून विचारावे. त्यासाठी बी. एड. लागत नाही.

येत्या जूनपासून तिसरी, चौथी व पाचवीच्या प्रत्येक मुलाला संस्थेतर्फे एक कोरी दोनशे पानी वही मिळणार आहे. चेअरमन साहेबांनी त्यास मान्यता दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. दर गुरुवारी शेवटच्या तासाला मुले तीत लिहितील. ती वही घरी येणार नाही. पाहायची असेल तर मुलाला विचारून, महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेत येऊन पाहावी. मी व वर्गशिक्षिका दोघे साडेदहापासून बसलेले असू. ज्यांना त्या दिवशी दुकान बंद ठेवता येत नाही त्यांनी आदल्या दिवशी निरोप पाठवावा, संध्याकाळी थांबण्याची आमची तयारी आहे.